बोव्हेचे टेकू

अल मुंतझा, दोहा
३ नोव्हेंबर २०२४

उमैर,

तुझ्या अम्मीनं तुझ्या चित्रकार्डाचा फोटो मोबाईलवर पाठवला. पावणेचार वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला कागद, आणि त्यावर सात शब्द. ‘मी इथे काम करतो. तब्येत ठीक आहे.’ मी मोजले. खाली बारीक अक्षरात पत्ता होता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला फोनवर पुढचं बोलता येत नाही. गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत घोटून घेतलेलं अक्षर अजून हातात आहे, तेच वापरतो.

कार्डावरचं चर्च मी मोठं करकरून पाहिलं. माणसं खाली मुंगीएवढी, खांब वर जाऊन दिसेनासे झालेले, भिंतीच्या जागी नुसती रंगीत काच. फोटो काढणाऱ्यानं लपवायचा बराच प्रयत्न केलाय, पण एका कडेला मला टेकू दिसले. चांगले जाडजूड, तिरपे लावलेले. एवढ्या मोठ्या इमारतीच्या पोटात टेकू. तीस वर्षं शटरिंगचं, म्हणजे काँक्रीटखालच्या साच्यांचं आणि टेकूंचं, काम केलेल्या माणसाची नजर दुसरं काही बघतच नाही.

इथं ओल्ड एअरपोर्ट भागात गिरीश साहेब राहतात. मूळचे नाशिकचे, पुलांचे इंजिनिअर. त्यांच्या व्हिलाची दारं दमट हवेनं फुगतात, ती घासायला ते मला बोलावतात. हल्ली मी अशीच कामं करतो. त्यांना तुझं कार्ड दाखवलं. त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

“नसरुद्दीनभाई, हे फ्रान्समधलं बोव्हे. गॉथिक चर्चमधलं जगातलं सगळ्यात उंच दगडी छत. अठ्ठेचाळीस मीटर.”

“म्हणजे पंधरा-सोळा मजले. कुठली क्रेन होती?”

“लाकडी चाकात माणसं चालायची. चाक फिरलं की दोर गुंडाळला जायचा आणि दगड वर जायचा. सन बाराशे पंचवीसला सुरुवात केली.”

मग त्यांनी मला ते सगळं कागदावर काढून दाखवलं. टोकदार कमान गोल कमानीपेक्षा वजन सरळ खाली नेते. छताच्या दगडी फासळ्या ते वजन खांबांवर टाकतात. खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून बाहेरून दगडाचे हात दिलेले, अंगणात उभं राहून कुणी घर सावरून धरावं तसे. त्यामुळे भिंतीला काही कामच उरत नाही आणि तिथं काच बसवता येते. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. दगडाच्या आधी सुतार येतो. तो लाकडाची कमान उभी करतो, तिच्यावर दगड बसतात, चुना धरला की लाकूड काढून घेतात. मग दगड एकमेकांना धरून राहतात. म्हणजे हे माझंच काम. इमारत दगडाची म्हणून लोक बघायला येतात, आणि सुताराचं नाव कुणाला ठाऊक नाही.

गिरीश साहेब म्हणाले, तिथल्या खांबांचा कल मोजणारी माणसं असतात, तुमचा मुलगा त्यांतला असेल. आहेस का?

मी मार्चमध्ये इथलं सगळं खलास करून रत्नागिरीला जातोय. साठ पुरी झाली. ईद मार्चच्या शेवटी आहे. तू ईदला घरी यावंस, एवढी एकच माझी इच्छा आहे. त्या जानेवारीतलं मी मनात काहीही ठेवलेलं नाही. चौकशीत जे बोललो ते माझ्या खुशीनं बोललो. बापानं दुसरं काय करायचं असतं.

स्लॅबखालून काढल्यापासून केरबा तसाच खाटेवर आहे. कमरेखाली हालचाल नाही. त्याला मी दर शुक्रवारी फोन करतो.

अब्बा

---

अल मुंतझा
२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

उमैर,

तुझं उत्तर नाही. पोस्टाला वेळ लागत असेल.

आजची तारीख मुद्दाम बघून लिहायला बसलो. सन १२८४, २९ नोव्हेंबर. तुझ्या चर्चचं छत याच दिवशी पडलं. गिरीश साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला रंधा मारत होतो, तो तसाच हातात राहिला. पुरं होऊन फक्त बारा वर्षं झाली होती. जगात सगळ्यात उंच म्हणून बांधलं, आणि बारा वर्षांत वरचा भाग खाली.

“कशामुळे?” मी विचारलं.

“नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं वारा, कुणी म्हणतं खांब फार लांब लांब होते, कुणी म्हणतं बाहेरचे हात कमकुवत होते. आजही वाद आहेत.”

मला हे पटलं नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, कारण कुणालाच माहीत नाही असं होत नाही. त्या वेळी तिथं जे उभे होते त्यांतल्या एखाद्याला तरी नक्की माहीत असणार. त्यानं सांगितलं नसेल. गिरीश साहेब हसले आणि म्हणाले की तुम्ही इतिहासकार व्हायला हवं होतं. शशिकलावहिनींनी गरम पोहे दिले. तेवढ्यावर विषय संपला.

पुढची गोष्ट ऐक, म्हणजे तुला ठाऊकच असेल, पण मला सांगायला आवडते. त्यांनी काम सोडलं नाही. जिथं दोन खांबांत मोठी मोकळी जागा होती तिथं मधोमध आणखी एक खांब घातला. सगळीकडे. चाळीसेक वर्षं ते तेच करत होते. म्हणजे आज तू ज्या खांबांना यंत्रं लावत असशील त्यांतले काही पहिल्या नकाशात नव्हतेच. पडल्यानंतर आले. गिरीश साहेब म्हणतात की नीट बघितलं तर कळतं, कमानी अरुंद झाल्यात, मूळची ऐट गेली. मी म्हटलं, ऐट गेली पण उभं आहे ना.

माणसांचंही तसं करता येतं, उमैर. तुझ्या हातून एक चूक झाली. कागद शेजारच्या ब्लॉकचा होता, तू आपल्या स्लॅबचा समजलास, आणि कच्चा स्लॅब खाली आला. तिसऱ्याच महिन्यातला इंजिनिअर तू. कुणाच्याही हातून होईल. मी ते अंगावर घेतलं आणि फोरमनची नोकरी गेली, तर गेली. मी तुला कधी बोललो का? एका शब्दानं तरी? मग तू तोंड का लपवतोस?

आज केरबाशी बोललो. खोकला झालाय त्याला. मी काही बोलायच्या आत तोच विचारतो, “उस्ताद, उमैर सायबाचं काय कळलं का?” मी तुझ्या कार्डाचं सांगितलं. मग म्हणाला, “आनि काय?” मी म्हटलं, आणि काही नाही. तो म्हणाला, “बरं तर. फुडच्या शुक्रवारी बोला.”

अब्बा

---

अल मुंतझा
१० जानेवारी २०२५

उमैर,

तुझी अम्मी माझ्यावर चिडलीय. परवा फोनवर म्हणाली, “तुम्ही दर पत्रात तोच विषय काढताव. म्हणताव विसरलो, आणि पोराला विसरू देत नाय. तो यायचा कसा?” मी म्हटलं, राबिया, मी त्याला माफच करतोय की. तर म्हणते, “त्यानं मागितलीय का?” तिला उत्तर द्यायचं म्हणजे अख्खी दुपार जाते. मी फोन ठेवला.

तरी आज लिहितोच, कारण महिनाच तो आहे. दोह्याच्या जानेवारीत सकाळी स्वेटर घालावा लागतो, आणि थंडीत काँक्रीट सावकाश धरतं. हे तुमच्या पुस्तकातही असेल. काँक्रीट ओतताना त्याचे ठोकळे भरून ठेवतात, ते नंतर दाबून फोडतात, आणि किती ताकदीला फुटले त्यावरून स्लॅब किती घट्ट झालाय ते कळतं. तो कागद आला की इंजिनिअर सांगतो, खोला, म्हणजे खालचे टेकू आणि फळ्या काढा. पण जुने फोरमन नुसत्या कागदावर खोलत नाहीत. ते प्रॉप

ते जाऊ दे. खोडत नाही, पण पुढंही लिहीत नाही.

चर्चचं सांगतो. छत सावरल्यावर त्यांनी काय करावं? पुढचा भाग, जिथं लोक बसतात ते मुख्य लांब दालन, ते बांधायचं राहिलं होतं. ते सोडून त्यांनी मधोमध मनोरा चढवला. एकशे त्रेपन्न मीटर. सन १५६९. त्या वेळी जगात त्याहून उंच काही नव्हतं म्हणतात. दोनच वर्षांत खालचे खांब झुकायला लागले. जाणती माणसं बोलावली. त्यांनी बघून सांगितलं की खांब कलतायत, आधार द्या. चर्चवाले विचार करत बसले. शेवटी काम सुरू केलं आणि तेरा दिवसांत, ३० एप्रिल १५७३ला, मनोरा कोसळला. मोठा सण होता, सगळं गाव आत जमलं होतं, आणि मिरवणूक बाहेर पडली तेवढ्यात. त्यामुळे माणसं वाचली. मला ते तेरा दिवस सतावतात. आधार द्यायचा हे दोन वर्षं सगळ्यांना माहीत होतं.

पडलेलं उतरवायला कामगार वर चढेनात, तेव्हा फाशीच्या कैद्याला माफी कबूल करून चढवला, असंही सांगतात. गिरीश साहेब म्हणाले, ऐकीव असेल. असेना. मला तो माणूस कळतो.

लांब दालन मग कधी बांधलंच नाही. त्या जागी एक जुनं बुटकं चर्च होतं, ते पाडून दालन करायचं ठरलं होतं. ते बुटकं चर्च हजार वर्षं झाली तरी अजून आहे. कार्डावर मात्र त्याचा फोटो कुणी छापत नाही. तू कधी आत जातोस का?

चौकशीच्या खोलीत तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास. मी म्हणालो, “कुणी सांगितलं नाही. मी माझ्या जबाबदारीवर खोललं.” तू मान खाली घातलीस आणि काही बोलला नाहीस. आठवड्यानं तू राजीनामा दिलास आणि मला न भेटता दोहा सोडलंस. इथल्या आपल्या रत्नागिरीवाल्यांत, मशिदीबाहेर, अजून कुणी ना कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, नसरुद्दीनभाई, मुलासाठी असं कोण करतं. ते ऐकून मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.

ईदला ये.

अब्बा

---

अल मुंतझा
१६ फेब्रुवारी २०२५

माझ्या बाळा उमैर,

तुझं पत्र आलं. अडीच पानं. आधी टपाल येतं त्या दुकानात उभ्यानं वाचलं, मग खोलीवर येऊन वाचलं, मग गिरीश साहेबांच्या घरी जाऊन त्यातला चर्चचा भाग त्यांना वाचून दाखवला. त्यांची मुलगी ईश्वरी इंग्रजी शाळेत जाते, तिला मराठी समजतं पण ती बोलत नाही. ती मधेच विचारते, “Is he crying?” वहिनींनी तिला आत नेलं.

तू लिहितोस की बाहेरच्या दगडी हातांना एकमेकांशी बांधणाऱ्या लोखंडी सळया होत्या. साठेक वर्षांपूर्वी कुणा शहाण्यांनी ठरवलं की या कुरूप आहेत आणि बिनकामाच्या आहेत, आणि काढून टाकल्या. मग वारा आला की ते दगडी हात हलायला लागले, म्हणून परत बसवल्या. कार्डावरचे टेकूही पुढं त्याच काळजीतून आले, अजून कुणी काढायची हिंमत करत नाही, आणि तू खांबांच्या भेगांवरचे आकडे रोज लिहून घेतोस. तू लिहितोस, ‘अब्बा, त्या सळया काढायच्या आधी तुमच्यासारखा एखादा उस्ताद तिथं असायला हवा होता. तुम्ही हातोडीनं वाजवून सांगितलं असतं की यांच्यावर वजन आहे.’

गिरीश साहेबांना वाचून दाखवताना हे वाक्य मी सोडून पुढं गेलो होतो. तू मात्र ते मनापासून लिहिलं आहेस.

तू लिहितोस की चार वर्षं तुला झोप नाही. ‘माझ्या एका चुकीनं केरबाचे पाय गेले, माझ्या बापाची इभ्रत गेली, आणि मी तोंड उघडलं नाही. बोव्हेला आलो कारण इथं पडलेल्या गोष्टीची लोक लाज धरत नाहीत, तिच्या शेजारी बसून मोजत राहतात.’ तू लिहितोस, ‘अब्बा, मी ईदला येतो. तिकीट काढलं आहे, २६ मार्चचं. मला तुमची माफी मागायची आहे, समोर बसून.’

तुझ्या अम्मीला फोन केला तर नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, शेवयांना किती दूध लागेल ते आत्ताच सांगून ठेवते.

मी वीस मार्चला इथून निघतोय. सामान काही नाही, हत्यारांची पेटी तेवढी. तू ये. माफी मागायची काही गरज नाही, असं मी लिहायला हवं. लिहितो. गरज नाही.

अब्बा

---

अल मुंतझा
९ मार्च २०२५, रोजे सुरू आहेत

उमैर,

केरबा गुरुवारी सकाळी गेला. खोकल्याचा न्यूमोनिया झाला. दुर्गाबाईनं, त्याच्या बायकोनं, फोन केला. मी रडलो नाही. मला पहिली गोष्ट काय सुचली ते सांगतो, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. मला सुचलं, आता कुणालाच ठाऊक नाही.

हे पत्र मी कुरियरनं पाठवतोय. साध्या पोस्टानं टाकलं असतं तर तू निघाल्यावर पोचलं असतं. दोन दिवस मी हाच विचार करत होतो. तू घरी येशील, समोर बसशील, माफी मागशील, मी तुला जवळ घेईन, तुझी अम्मी आनंदानं वेडी होईल, आणि हे पत्र तुझ्या बोव्हेच्या दाराखाली पडून राहील. पुढं केव्हातरी वाचशील. तोवर ईद होऊन गेलेली असेल. मला ती ईद फार हवी होती, उमैर.

त्या सकाळी तू कागद हातात घेऊन आलास. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. एकट्यानं हुकूम द्यायची तुझी पहिलीच वेळ. “रिझल्ट आलाय,” तू म्हणालास, “यल्ला, चला, खोला.” माझी बावीस माणसं तिथं उभी होती. तुला नोकरी लागली तेव्हा त्या सगळ्यांना मी पेढे वाटले होते.

मी सवयीनं हातोडी घेऊन कोपऱ्यातला प्रॉप, स्लॅबखालचा लोखंडी टेकू, वाजवला. स्लॅब स्वतःचं वजन पेलायला लागला की प्रॉपचा आवाज सैल होतो. तो प्रॉप घंटेसारखा वाजला. दुसरा वाजवला. तिसरा वाजवला. सगळं वजन अजून प्रॉपांवर होतं. केरबा माझ्या शेजारी होता, त्यानंही ऐकलं. हळूच म्हणाला, “उस्ताद, अजून कच्चं हाय. सायबाला इचारा की परत एकदा.”

मी तुझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, कागद परत एकदा बघ. तू बघितला असतास, ब्लॉकचा नंबर दिसला असता, तू हसून म्हणाला असतास, सॉरी, चुकलं. संपलं असतं. पण मी म्हटलं असतं तर बावीस माणसांसमोर पुन्हा उस्ताद मीच झालो असतो आणि तू पोर. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना साहेब म्हणत आलो. काल कॉलेजातून आलेली पोरं मला काम शिकवायची आणि मी मान डोलवायचो. आता माझा मुलगा साहेब होता आणि मी त्याचं ऐकतोय हे माझ्या माणसांनी बघावं, असं मला वाटत होतं. त्याची मला नशा होती. दुसरा शब्द नाही.

म्हणून मी केरबाला म्हणालो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “साहेबांनी सांगितलंय. तू साहेबांपेक्षा शहाणा आहेस का?” माणसं हसली. केरबाही हसला आणि स्लॅबखाली गेला.

तू दूर होतास. तुला यातलं काही ऐकू आलं नाही. तुला वाटतं तुझ्या कागदानं त्याचे पाय गेले. चुकीचा कागद रोज कुणी ना कुणी वाचतं. म्हणून तर फोरमन ठेवतात.

चौकशीत मी तुझ्यासाठी खोटं बोललो असं तू समजतोस, तुझी अम्मी समजते, मशिदीबाहेरचे लोक समजतात. ‘कुणी सांगितलं नाही’ एवढंच खोटं होतं, पुढचं नाही. ‘मी माझ्या जबाबदारीवर खोललं.’ हे अक्षरशः खरं होतं. सगळ्यांनी त्याला त्याग म्हटलं आणि मी म्हणू दिलं. तू मान खाली घालून बसलास तेव्हा मी तुझा हात धरून तुला बाहेर न्यायला हवं होतं. मी तो धरला नाही. तुला दर पत्रात माफ करत राहिलो. तुझी चार वर्षांची झोप मी घेतली, आणि वर बाप म्हणून कौतुक करून घेतलं.

केरबाला सगळं ठाऊक होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी दर शुक्रवारी फोन करायचो आणि औषधाचं विचारायचो.

आता तुझं तिकीट तुझ्या हातात आहे. यायचं नाही असं ठरवलंस तर अम्मीला मी सांगीन, का ते.

अब्बा

---

मिरजेजवळ, केरबाचं गाव
६ एप्रिल २०२५

उमैर,

कुरियरच्या पावतीवर तुझी सही आहे, १३ मार्चची. म्हणजे पत्र तुला मिळालं. ईदला तू आला नाहीस. मी तुला दोष देत नाही, आणि हे वाक्य या वेळी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. नमाज झाल्यावर तुझ्या अम्मीला सगळं सांगितलं. तिनं शेवयांचं पातेलं तसंच उचलून शेजारी नेऊन दिलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

काल मी इथं आलो. एका खोलीचं घर, दारात शेळी. केरबाची खाट अजून आहे, अंथरूण गुंडाळून ठेवलंय. राख कृष्णेत सोडली, त्यामुळे त्याच्याशी बोलायला जावं अशी जागाच नाही. दुर्गाबाईनं पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. प्रॉप वाजले होते. मला कळलं होतं. केरबा बोलला होता, आणि मी त्याचं बोलणं चारचौघांत हसण्यावारी नेलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “त्येंनी दवाखान्यातनंच सांगितलं हुतं.”

मी विचारलं, मग चार वर्षं माझा फोन का उचलत होता?

“त्ये म्हनायचे, उस्ताद आज बोलंल. दर शुक्रवारी सकाळी तोंडबिंड धुऊन, फोन उशाला घिऊन पडायचे. तुमी औषधाचं इचारायचा. फोन ठिवला की म्हनायचे, फुडच्या खेपंला.”

मी म्हटलं, त्यानंच उमैरला का नाही सांगितलं? निदान तो तरी सुटला असता.

“म्या बी त्येच म्हनले त्येस्नी. तर म्हनाले, दुसऱ्यानं सांगितलं तर पोरगं बापाला मुकंल. बापानं सांगितलं तर कदाचित न्हाई मुकायचं.” मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “शेवटच्या बुधवारी ताप लई हुता. तवा बी इचारलं, उद्या शुक्रवार हाय का. म्या म्हनले, न्हाई, परवा.”

संध्याकाळी तिनं मला भाकरी वाढली. मला ती खाल्ल्याशिवाय उठता येईना. तिला माझ्याकडून काही नको आहे. माफीचं मी विचारलंच नाही. ज्याला विचारायचं होतं तो चार वर्षं वाट बघत पडून होता, आणि मी एक दिवस उशिरा नाही, चार वर्षं उशिरा आलो.

उद्या सकाळच्या एसटीनं घरी जातो. तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. पण माझ्या बाळा, रात्री झोपताना केरबाचे पाय आठवले तर ते आता तुझे नाहीत, माझे आहेत, एवढं मनाला सांग. त्याच्यापर्यंत मी पोचलो नाही. तुझ्यापर्यंत तरी वेळेत पोचलो का, एवढंच कळव.

अब्बा